ज्या वेलीसाठी मी परवानगी मागितली

पार्वतीवहिनी,

तुम्हांला घेऊन निघालो त्या सकाळी आपली सगळी चाळ गल्लीत उतरली होती. मिलच्या वाइंडिंग खात्यातल्या तुमच्या जुन्या सोबतिणी परळहून आल्या होत्या, वरळीच्या चाळींतून आल्या होत्या, आणि हारांऐवजी प्रत्येकीच्या हातात आपापल्या घरची वेल होती. कोणाची गोकर्ण, कोणाची जाई. एकीने तर तोंडलीचीच फांदी आणली होती, पांढऱ्या फुलांसकट. भटजींनी भुवया उंचावल्या, पण त्या बायांपुढे बोलण्याची त्यांची छाती झाली नाही.

गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीच्या पायरीपाशी, सखाराम टोपी हातात घेऊन उभा होता. पायात चपला नव्हत्या. म्हणजे तो तुम्हांला पोहोचवायला निघालेला होता. पण तो पुढे आला नाही, आणि आम्ही त्याच्यासमोरून वळून जाईपर्यंत मागेही गेला नाही. बारा वर्षांपूर्वी आपल्या चाळीने ठराव केला की सखारामशी कोणी बोलू नये, त्याच्या सुखदुःखात जाऊ नये आणि त्याला आपल्या सुखदुःखात येऊ देऊ नये. तो ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. त्यात सखारामवर जो आरोप आहे तो खोटा आहे, आणि ही गोष्ट ठराव लिहिते वेळी या चाळीत एकट्या मला ठाऊक होती.

हे तुम्हांला सांगायचे राहिले. सबब हे लिहिणे आहे. चाळीच्या उत्सवाच्या स्मरणिकेत ते छापून येणार असल्याने तुमच्या पश्चात ते सर्वांच्या वाचनात येईल, आणि तसेच यावे अशी माझी इच्छा आहे.

तुमचे जन्मगाव, तुमचे वय, तुमच्या पश्चात कोण कोण आहे, हा तपशील मी जिन्याच्या फळ्यावर लिहिला आहे. अक्षर नेहमीप्रमाणे वाखाणले गेले. येथे ते पुन्हा लिहीत नाही. येथे वेलीविषयी लिहितो.

गिरण्यांचा संप सुरू होऊन पाच महिने झाले तेव्हा तुम्ही मागच्या अंगणात, सार्वजनिक नळाच्या पलीकडे, तेलाचे सहा रिकामे डबे मांडलेत. तुमचे यजमान गणपतभाऊ तोवर गावी शेतीवर गेले होते आणि तुम्ही दोन मुलींना घेऊन खोली सांभाळत होतात. माती परळच्या रस्त्याच्या खोदकामातली. लाकडाचा भुसा रे रोडच्या वखारींतून, डोक्यावरून. आणि दारावर मासळी घेऊन येणाऱ्या माहीमच्या कोळणीशी तुमचा करार असा की मासळी विकत घ्यायला जमणार नाही, पण खवले आणि डोकी तिने आपल्याला टाकून जावीत. चार दिवस अंगणात असा वास सुटला की मी स्वतः तुम्हांला सांगायला आलो.

"वहिनी, ही काय दुर्गंधी? चाळ आहे की बंदर?"

"भावजीनू, नाक धरा आणि जावा. पंधरा दिसांनी तोंड उघडून येशात."

पंधरा दिवसांनी नव्हे, पण दीड महिन्याने आलो खरा. पहिली वेल धरली ती मायाळूची. तिच्या जाड, लालसर देठाच्या पानांची भजी तुम्ही बशीत घालून प्रत्येक खोलीत पाठवलीत. त्यानंतर तोंडली आली, मग घोसाळी, मग वाल. त्या वर्षी लालबागेत भाजीवाल्याकडे जाणे हीच एक चैन झाली होती, आणि आपल्या चाळीत मात्र रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी तुमच्या वेलीचे काहीतरी शिजत असे. जी घोसाळी हातून निसटून वेलीवरच जून झाली ती तुम्ही वाळवलीत, आपटून आपटून त्यांतल्या बिया काढल्यात, आणि आत जी जाळी उरली ती दिवाळीत अंग घासायला घरटी एक दिलीत. पत्र्याच्या शेडखाली दोन बिऱ्हाडे राहत असत. त्या पत्र्यावर वालाचा मांडव पसरला, तेव्हा शेडमधल्या म्हातारीने सांगितले की तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला दुपारी झोप लागली.

परंतु माझी दृष्टी वेगळ्याच गोष्टीवर होती. वेल वर चढवायला दोरी नव्हती. तेव्हा तुम्ही मिलमध्ये बक्षीस मिळालेली चादर पेटीतून काढलीत आणि गॅलरीत बसून उसवलीत. सगळी. सूत निघेल तसे पिळून त्याचा दोर केलात, आणि तुटेल तेथे गाठ मारलीत. ती गाठ मी कधी पाहिली नव्हती. दोन बोटांत दोन टोके, एक झटका, आणि गाठ इतकी बारीक की दोरावरून बोट फिरवले तरी लागू नये. मी विचारले, तर म्हणालात, "खात्यात दिसाक हजार मारूचे लागतत. गाठ मोठी झाली तर साच्यावर अडकता, मगे साचेवाल्यांचे शिये." साचेवाले म्हणजे कापड विणणारे. आपला सखाराम त्यांच्यातलाच. तो नळावर दात घाशीत उभा होता, तो तिथूनच बोलला, "वैनी, तुमच्या गाठीला म्या कवा शिवी दिली न्हाई हां."

"तुजी शिवी माका आयकाक येवची नाय रे घाट्या, साच्यांच्या आवाजात."

असे तुमचे दोघांचे चाले. तो साताऱ्याकडचा, तुम्ही मालवणकडच्या. भाऊबीजेला तो तुमच्या पाटावर बसत असे, आणि तुम्ही ओवाळताना त्याच्या गावच्या भाकरीची टर उडवीत असा.

गुळवेल आपल्याकडे आणली ती त्यानेच. कोणत्याशा कडुनिंबावरून बोटाएवढी जाड काडी तोडून आणली आणि म्हणाला, ही खोचून ठेवा, तापाला बरी. तुम्ही ती भिंतीच्या कडेला जमिनीत लावलीत. ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेली. तिच्या काढ्यावरून आपला जो वाद झाला तो आजतागायत निकालात निघालेला नाही. मला हिवताप आला असता मी दवाखान्याच्या गोळ्या घेत होतो आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ तो कडू काढा आणून माझ्या समोर उभ्या राहत होतात. ताप गेला. मी म्हटले, गोळ्यांनी गेला. तुम्ही म्हणालात, "गोळयेन ताप थांबलो. काढ्यान गेलो. थांबणा येगळा आणि जाणा येगळा." मी शास्त्रीय आधार मागितला. तुम्ही मला पुन्हा ताप येईल तेव्हा नुसत्या गोळ्या खाऊन बघा म्हणालात. त्यानंतर मला ताप आला नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे म्हणणे सिद्ध होऊ शकले नाही.

आता माझ्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे.

मी अर्ज लिहिणारा मनुष्य आहे. कचेरीच्या जिन्याखाली माझे टेबल आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे असले तरी सरकारी भाषा मी पदवीधरांहून बरी लिहितो, असे खुद्द कचेरीतल्या हेडक्लार्कनी चारचौघांत म्हटलेले आहे. संपाच्या काळात माझ्या टेबलापुढे जी रांग असे ती तुम्ही पाहिली आहे. फीमाफीचे अर्ज, फंडाचे अर्ज, रेशनकार्डाचे, खोली रिकामी करून घेऊ नये म्हणून विनंतीचे. मी लिहीत होतो. लोक अंगठा उठवून, सही करून, अर्ज कपाळाला लावून पेटीत टाकत होते. आणि वहिनी, त्या सबंध दीड वर्षात लोकांच्या त्या अर्जांपैकी एकालाही उत्तर आले नाही. नकारसुद्धा आला नाही. लोक मला काही बोलत नसत. परत येऊन नुसते "मास्तर, दुसरा लिहा," म्हणत.

अशा वेळी एके दिवशी मी तुमच्या मांडवाखाली उभा होतो आणि माझ्या मनात आले की हे जे उभे राहिले आहे त्याचा कागद कोणाजवळ नाही. ज्या गोष्टीचा कागद नाही ती गोष्ट आपली नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. मी तुम्हांलाही ते सांगितले होते. तुम्ही हसून म्हणालात, "तुमचो कागद वेल वाचतली?" मी त्यावर रागावून, वेल ही परावलंबी जात आहे, तिला दुसऱ्याच्या भिंतीचा आधार लागतो, म्हणून तिला परवानगी आवश्यक, असे बोललो. तेव्हा तुम्ही हातातले काम खाली ठेवलेत.

"भिंतीचा काय खाल्ल्यान हिणा, ता सांगा. अमरवेल ती येगळी. ती झाडाचा रगात पिता. हिचा मूळ मातीत आसा. ही नुसती टेकता."

 मी मनाशी ठरवले की हा एक अर्ज असा करायचा की ज्याचे उत्तर येईल. लहान मागणी आहे, कोणाचे नुकसान नाही, मंजूर न होण्याचे कारण नाही. मंजुरीचा कागद चौकटीत बसवून तुमच्या दारावर लावायचा. तुम्हांला आश्चर्यचकित करायचे, म्हणून कोणाला सांगितले नाही. दोन रात्री मसुदा करून, तिसऱ्या दिवशी स्वच्छ प्रत काढून, 'समस्त रहिवाशांच्या वतीने' म्हणून मी स्वतः सही केली. 'चाळीच्या पश्चिम बाजूच्या भिंतीवर वाढविलेल्या उपयुक्त वेलींस कायमस्वरूपी परवानगी मिळावी,' असा विषय होता. अर्ज कचेरीच्या पेटीत टाकला आणि घरमालकास माहितीसाठी प्रत पाठवली. तशी पद्धत आहे.

उत्तर अठराव्या दिवशी आले. त्या वर्षीचे माझे एकमेव उत्तर.

घरमालकाचा माणूस सकाळी अकराला आला, बरोबर शिडी आणि कोयते घेतलेले दोघे. त्याच्या हातातल्या कागदावर लिहिले होते की भिंतीवर अनधिकृत वेली वाढविल्या आहेत, त्या काढण्यात याव्यात. मी परवानगी मागेपर्यंत त्या अनधिकृत नव्हत्या. कोणी त्यांच्याकडे त्या नजरेने पाहिलेच नव्हते.

मी टेबलावर होतो. मला हे संध्याकाळी शेडमधल्या म्हातारीने सांगितले. तुम्ही भांडला नाहीत म्हणे. फक्त म्हणालात, "पाच मिन्टा थांबा, तोंडली काढून घेतंय." सुपात तोंडली काढलीत, आणि कोयतेवाल्यांनाही ओंजळभर दिलीत. "घेवा. तुमच्या घरात पण पोरा आसतली." त्या दोघांनी ती खिशात घातली आणि मग मुळापासून सगळे कापले.

आता सखारामचे. सखाराम त्याच्या आदल्या महिन्यात कामावर परत गेला होता. धाकट्या मुलीच्या छातीचे दुखणे होते, घरात काही उरले नव्हते, आणि पोलिसांच्या गाडीच्या मागोमाग जे थोडे लोक आत शिरत त्यांत तो शिरला. त्याच्या दारावर कोळशाने कोणी काय लिहिले ते सर्वांना माहीत आहे. चाळ त्याच्याशी बोलेनाशी झाली होती. एकट्या तुम्ही बोलत होतात. अजून पाल्याची जुडी त्याच्या उंबऱ्यावर ठेवत होतात. कोणी विचारले तर म्हणत होतात, "तो खंय गेलो ता तेचा तेका. पोर काय मिलीत गेला नाय."

आणि याच सखारामने वेलींविषयी एकदा तक्रार केली होती. त्याची खोली तळमजल्यावर, मागल्या बाजूला. नळावर चारचौघांत तो बोलला होता की, वैनी, खिडकीवर पानं आली, आत अंधार हुतो, मुंग्या बी येतात. बस, एवढेच.

त्या संध्याकाळी गॅलरीत सगळे जमले. कागद कोणामुळे आला यावर बोलणे निघाले आणि कोणीतरी म्हणाले, जो संप फोडतो तो वेल तोडणार नाही का? एवढे पुरले. चाळीच्या सेक्रेटरींनी मला खुर्ची दिली. "मास्तर, तुम्हीच लिहा. कायद्याच्या भाषेत लिहा."

माझे तोंड उघडले होते, वहिनी. मी खरोखर शपथेवर सांगतो, ते उघडले होते. पण समोर चाळीस माणसे, त्यांतल्या बहुतेकांचे अर्ज मी लिहिलेले, ज्यांपैकी एकाचेही काम झाले नव्हते. त्यांना मी असे सांगणार होतो की माझ्या ज्या एका अर्जावर कारवाई झाली तो हा होता. मी लेखणी हातात घेतली. सखारामने घरमालकाकडे तक्रार करून वेली तोडवल्या, असा ठराव सुंदर अक्षरात, समासासकट, लिहिला. सर्वांच्या सह्या झाल्या. तुम्ही सर्वांत शेवटी आलात. लेखणी घेतलीत आणि सही करण्याआधी मला हळूच विचारलेत:

"भावजीनू, तुमका खात्री आसा?"

मी म्हणालो, "कागदावरून तसेच दिसते."

तुम्ही सही केलीत. मला तुमची ती सही अजून दिसते, कारण तुम्ही शाळेत शिकलेल्या अक्षरांत, एक एक अक्षर सुटे, पार्वती असे लिहिले होते, आणि माझ्या शब्दावर विसंबून लिहिले होते.

मायाळू दोन दिवसांत माना टाकून गेली. वाल तिसऱ्या दिवशी. पण गुळवेलीचा वरचा भाग तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला विळखा घालून तसाच लटकत राहिला. जमिनीशी संबंध नाही, तरी पाने हिरवी. एक महिन्याने तुम्ही मला हाक मारलीत. कठड्याशी नेलेत आणि खाली बोट दाखवलेत. त्या कापलेल्या वेलीने वरून खाली एक धागा सोडला होता. पिवळसर, वाऱ्यावर हलणारा, आपल्या सुताहून बारीक. दुसऱ्या मजल्यापर्यंत आला होता.

"खालसून कापल्यानी, तर हिणा वरसून मूळ सोडल्यान. जमनीक जातली. बगीत रवा."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. तुम्हांला वाटले आनंदाने. "रडतास कित्याक? मी काय मेलंय?" म्हणालात आणि हसलात. तेव्हा सांगता आले असते. तिथे आपण दोघेच होतो. मी म्हटले, "वहिनी, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे."

तो धागा जमिनीत पोहोचला आणि पुढच्या वर्षी भिंत पुन्हा हिरवी झाली. घरमालकाचा माणूस पुन्हा आला नाही, कारण कोणी पुन्हा अर्ज केला नाही.

संप मिटला असे कोणी जाहीर केलेच नाही. तो असाच विरत गेला. तुमच्या खात्याला परत बोलावणे आले नाही. गावची शेती सोडून गणपतभाऊही परत आले नाहीत, वर्षातून एकदा तांदूळ घेऊन येत, तेवढेच. तुम्ही दादरला रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसू लागलात. गुळवेलीच्या काड्यांच्या जुड्या, मायाळूची पाने, घोसाळ्याच्या जाळ्या, चौकशी करणाऱ्याला हाडे सांधायची कांडवेलही. तुमच्या बाजूला हळूहळू वाइंडिंगमधल्या बाया बसू लागल्या. त्यांना तुम्ही बी दिलेत, काड्या दिल्यात, चादरी उसवायला शिकवलेत. आज वरळीच्या ज्या चाळीत पाहावे तेथे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर तोंडली दिसते. त्या सगळ्या तुमच्या लेकी आहेत असे त्या बायाच म्हणाल्या, त्या सकाळी. मी त्यांना दुजोरा दिला. या शहरात इतक्या इमारतींवर इतके अनधिकृत काम कोणा एका व्यक्तीने केल्याचे मला तरी माहीत नाही, आणि हे मी गौरवाने लिहीत आहे.

मात्र सखारामच्या उंबऱ्यावर तुम्ही पुन्हा जुडी ठेवली नाहीत. भाऊबीजेचा पाट मांडला नाहीत. कधी त्याचे नाव वाईट अर्थानेही घेतले नाहीत. नळावर तो आला की तुम्ही कळशी उचलून बाजूला होत होतात. मी हे बारा वर्षे पाहत होतो. चाळीत त्याच्याशी बोलणारे शेवटचे माणूस मी काढून घेतले होते.

तुम्ही अंथरुणावर होतात तेव्हा मी तीनदा आलो. दर वेळी मनाशी वाक्य रचून आलो. पहिल्या वाक्यात 'वास्तविक पाहता' होते. तुम्ही मला घोसाळ्याच्या बियांची पुरचुंडी कोणत्या डब्यात आहे ते सांगत होतात आणि मी वाक्य आणखी नीट करीत होतो. तिसऱ्या वेळी वाक्य तयार झाले, तोवर तुमचा डोळा लागला होता. उठवावेसे वाटले नाही. चौथ्या वेळी फळाच लिहावा लागला.

सेक्रेटरींना मी या लेखाची कल्पना दिली. ते म्हणाले, "अहो मास्तर, मेलेल्या माणसाच्या नावावर तुमची लफडी कशाला? वहिनींबद्दल चार बरे शब्द लिहा आणि सोडा." मी त्यांना सांगितले की ठराव जिन्याच्या फळ्यावर आठ दिवस लावलेला होता, तेव्हा त्याची दुरुस्तीही तितक्याच लोकांनी वाचली पाहिजे. ही माझी अट आहे. अन्यथा यंदाच्या स्मरणिकेतले स्वागतपर निवेदन, आभार आणि जाहिरातींचा मजकूर त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घ्यावा. ते म्हणाले, छापू.

पण छापण्यापूर्वी ज्याच्याविषयी आहे त्याला वाचून दाखवणे योग्य होते. तुमच्या तेराव्यानंतरच्या रविवारी मी सकाळी सखारामच्या दारात गेलो. बारा वर्षांनी. त्याने दार उघडले, माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिले.

"काय मास्तर. आता आनि कसला कागुद?"

"वाचून दाखवायचा आहे. बसू का?"

"बसा की. खुर्ची न्हाई, पेटीवर बसा."

मी इथवरचा मजकूर वाचला. त्याची बायको अनुसया स्टोव्हपाशी पाठ करून बसली होती, तिने मध्येच स्टोव्ह बंद केला. मी वाचून संपवले आणि सखारामकडे पाहिले. तो रागावला असता, मला हाकलले असते, तर ते मी ऐकून घेण्याच्या तयारीने गेलो होतो. तो म्हणाला:

"त्यात तुम्ही म्या कामावर गेलतो म्हून लिवलंय न्हवं?"

"तो भाग काढतो," मी म्हणालो. "त्याची आवश्यकता नाही."

"काढू नगा. म्या गेलतो. पोरीसाठी गेलतो, पर गेलतो. त्ये ऱ्हाऊ द्या. जे न्हाई केलं तेवढं माझ्यावरनं उतरवा."

मी तेथेच, त्याच्या समोर, समासात तसे टिपून घेतले. ते वाक्य त्याच्या शब्दांत वर आले आहे. त्यात मी एका अक्षराचा फरक केलेला नाही.

मग मी वर पाहिले, आणि वहिनी, तेव्हा मला ती खिडकी दिसली. सबंध मागची भिंत तुमच्या पानांनी भरलेली आहे, गुळवेल, तोंडली, वाल, एकात एक. पण सखारामच्या खिडकीवर एक पान नाही. चारही बाजूंनी वेल वळवलेली आहे, चौकटीला धरून, जणू काही मोजून. आत लख्ख उजेड होता. मी बाहेरून कधी पाहिले नव्हते, आणि आतून पाहण्याचा प्रसंग आला नव्हता.

"दर आठ दिवसाला यायची," सखाराम म्हणाला. "काठी घेऊन. कोंब इकडं आला की तिकडं वळवायची. बोलायची न्हाई. बघायची बी न्हाई आत. बारा वरसं. मला वाटायचं, रागानं करती, आपली वेल माझ्या खिडकीला शिवू देत न्हाई."

अनुसया बोलली, "उजेडासाठी करत हुत्या त्या. तुम्ही म्हणाला हुता न्हवं नळावर. मी कवाच वळखलं हुतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?"

राग होता की ती त्याची जुनी तक्रार तुम्ही शब्दाला जागून पाळत होतात, हे मी तुमच्या वतीने सांगू शकत नाही. लोकांच्या वतीने लिहिणे हा माझा व्यवसाय आहे, परंतु या बाबतीत माझ्याजवळ अधिकारपत्र नाही. सखारामने मात्र उठून खिडकी उघडली. गजातून हात बाहेर काढला, चौकटीच्या कडेला वळवून ठेवलेला तोंडलीचा एक कोवळा कोंब सोडवला आणि आत ओढून गजावर टेकवला. कोंबाने लगेच काही धरले नाही. त्याने हात धरून ठेवला. आम्ही तिघेही त्याकडे बघत होतो, आणि स्टोव्ह पुन्हा पेटवायचे अनुसयेच्याही लक्षात आले नाही.

"मुंग्या येतील हां," ती शेवटी म्हणाली.

"येऊ देत," सखाराम म्हणाला.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे मायाळूची भजी आहेत. अनुसयेने मला बोलावले आहे, तुमच्या दोन्ही मुलींनाही बोलावले आहे. येताना हातात कागद नको, असे तिने मला दोनदा बजावले. मी होय म्हणालो आहे.